भिंतीवरचं यान कुणाचं?

पुण्याहून दीड-दोन तासांवरच्या एका जिल्हा परिषद शाळेत गेल्या वर्षी आम्ही ‘बोलक्या भिंती’ रंगवायला गेलो होतो. मी एका छोट्या डिझाइन स्टुडिओत काम करते. मसाल्याची पाकिटं, दवाखान्यांच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठं हे आमचं रोजचं काम. वर्षाकाठी एखादं असं काम आम्ही हौसेनं अंगावर घेतो. जुनी भिंत ओल्या फडक्यानं पुसताना धुळीखालून एक यान वर आलं. गावातल्याच पेंटरकाकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी ऑइलपेंटनं काढलेलं. पंखावर तिरंगा, खाली ठसठशीत अक्षरांत ‘भारताची अवकाशभरारी’. काकांचा हात चांगला होता, रंगही टिकला होता. पण यान भारताचं नव्हतं. काळं नाक, त्रिकोणी पंख, पोटाखाली नारिंगी टाकी, म्हणजे अमेरिकेचं स्पेस शटल. १९८१ ते २०११ या काळात ते १३५ वेळा उडालं, दर वेळी फ्लोरिडातून. श्रीहरिकोट्याच्या मातीशी त्याचा कधी संबंध आला नाही.

काका मदतीला आलेच होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “ताई, तक्त्यावर तेच होतं.” तक्ता म्हणजे शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतो तो, ‘वाहतुकीची साधने’. बैलगाडी, एसटी, आगगाडी, जहाज आणि उजव्या कोपऱ्यात यान. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या देशानं २३ ऑगस्ट २०२३ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात यान उतरवलं, त्या देशातल्या मुलांच्या भिंतीवर दुसऱ्याचं, कधीच निवृत्त झालेलं यान का असावं? मला वाटतं, आपण अवकाश कार्यक्रम जिद्दीनं उभारला, पण तो लोकांच्या डोळ्यांपुढे उभा करणं हे कुणाचंच काम मानलं नाही. इस्रोला स्वतःचा डिझाइन स्टुडिओ हवा, असं माझं ठाम मत आहे. जाहिरात एजन्सीला दिलेलं कंत्राट नको, सणावारापुरती पोस्टर स्पर्धा नको. शास्त्रज्ञांच्या शेजारच्या खोलीत बसणारी, पगारावरची, यानाचा पहिला आराखडा कागदावर उतरतो तेव्हापासून सोबत असणारी डिझायनर मंडळी हवीत.

आधी तक्त्याचंच बघू. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीवर कॉपीराइटच लागत नाही. नासाचं छायाचित्र कुणीही घ्यावं, छापावं, पुस्तकात टाकावं. थोडेच अपवाद आहेत. आपल्याकडे १९५७च्या कायद्यानुसार सरकारी कृतीवर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं सरकारचा हक्क राहतो. पेंटरकाका कायदा वाचून ब्रश हातात घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्यापर्यंत चित्र पोहोचतं ते तक्ता छापणाऱ्याकडून, पाठ्यपुस्तकाच्या सजावटकाराकडून, कॅलेंडरवाल्याकडून. त्या प्रत्येकाला ‘हे छापलं तर कुणी विचारेल का’ ही धाकधूक असते आणि शेजारीच बिनधोक, मोठं, स्वच्छ चित्र फुकट पडलेलं असतं. तो कुठलं उचलणार, हे वेगळं सांगायला नको.

चित्र मोकळं सोडलं की काय होतं, याचा दाखला आपल्याच घरातला आहे. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं टिपलेली त्या भागाची छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली होती. चेन्नईतल्या षण्मुग सुब्रमण्यन या अभियंत्यानं ती घरी बसून जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली, एक वेगळा ठिपका हेरला, आणि डिसेंबरात नासानं तो विक्रमचाच अवशेष असल्याचं जाहीर केलं. भारतीय यान, भारतीय डोळे, आणि मधला कागद मात्र अमेरिकेचा. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानावर तर एक कॅमेरा मुळात लोकांसाठीच बसवला आहे. त्यातून आलेली कच्ची छायाचित्रं जशीच्या तशी खुली होतात, आणि गुरूच्या वादळांची जी निळी-पांढरी वेटोळी आपण थक्क होऊन पाहतो, ती पुष्कळदा हौशी माणसांनी रात्री जागून घडवलेली असतात. आपल्या चंद्रमोहिमांची माहितीही नोंदणी करून उतरवून घेता येते, हे मान्य केलंच पाहिजे. पण ती ज्या रूपात मिळते ते अभ्यासकासाठी. सातवीतल्या मुलीनं, तिच्या चित्रकलेच्या बाईंनी ती उघडायची कशी? इथेच घोडं पेंड खातं. माहिती आणि चित्र यांच्यामधलं ते काम करणारं माणूसच आपण नेमलेलं नाही.

आणि चित्राला सांभाळणारं माणूस नसलं की चित्र भलतंच बोलू लागतं. १९८१ सालचं ‘ॲपल’ उपग्रहाचं बैलगाडीवरचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं असेल. चाळीसेक वर्षं ते एकाच अर्थानं फिरतंय, की बघा, गरीब देश, ट्रकला पैसे नव्हते, बैलगाडीवरून उपग्रह नेला. प्रत्यक्षात उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती आणि आजूबाजूला धातूचा सांगाडा असला की मापं बिघडतात. लाकडी बैलगाडी हा त्या अडचणीवरचा नेमका, विचार करून काढलेला तोडगा होता. आमच्या धंद्यात याला अस्सल डिझाइन म्हणतात, हाताशी असलेल्या वस्तूचा गुण ओळखून तिला कामाला लावणं. आपण तो तोडगा दारिद्र्याची निशाणी म्हणून जगाला वाटू दिला. छायाचित्राखाली दोन ओळी नीट लिहिल्या असत्या, शेजारी अँटेनाची एक साधी रेखाकृती टाकली असती, तर हीच बैलगाडी प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या भिंतीवर मानानं लागली असती. केरळातल्या थुंबा प्रक्षेपणतळावरचं, सायकलवरून रॉकेटचं टोक नेतानाचं ते दुसरं गाजलेलं छायाचित्र आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९६६मध्ये टिपलेलं. आपल्या अवकाश कार्यक्रमाचं सर्वांत लाडकं चित्र एका पाहुण्या फ्रेंच कलावंताच्या नजरेतून आपल्याला मिळालं. त्यांचं ऋण आहेच, पण साठ वर्षांनंतरही पाहुण्याच्या भरवशावर राहायचं का?

स्टुडिओ म्हणजे रंगरंगोटीची जागा, असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्याकडे चालतं काय ते सांगते. लाल मिरचीच्या पाकिटाचं काम आलं की पहिले दोन दिवस वाद होतो तो एका लाल रंगावरून. आतली पूड टेबलावर कागदावर ओतलेली असते, शेजारी रंगांच्या पट्ट्या पसरलेल्या असतात. पाकिटाचा लाल पुडीपेक्षा गडद घेतला तर दुकानात उठून दिसतं, पण घरी डबा भरताना बाईला कळतं की आपल्याला फसवलं. फिका घेतला तर चांगली मिरची शिळी वाटते. डोळ्याला खरं वाटेल आणि मालाशी खोटं बोलणार नाही असा लाल शोधायचा असतो. छपाईचं प्रूफ उन्हात धरून पुन्हा वाद होतो. दिसायला क्षुल्लक, पण धंद्याची सगळी इमानदारी त्या एका रंगात असते.

आता हेच सूर्याबद्दल. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत इस्रोच्या साथीनं घडली. २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात, ११ निरनिराळ्या फिल्टरमधून ती सूर्याच्या प्रतिमा घेते. अतिनील प्रकाश माणसाला दिसतच नाही. मग आपण पाहतो त्या सूर्याला रंग दिला कुणी? कुणीतरी बसून ठरवलेला असतो. हबल दुर्बिणीच्या १९९५च्या ‘निर्मितीचे स्तंभ’ या वायुमेघांच्या गाजलेल्या चित्रात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला होता, आज जगभरचे हौशी निरीक्षक तीच रंगयोजना वापरतात. जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमा २०२२मध्ये आल्या तेव्हा त्या अवरक्त प्रकाशाला दृश्य रंगांत आणायला खास माणसं होती. लांब तरंगलांबी लालाकडे, आखूड निळ्याकडे, असा क्रम पाळून त्यांनी न दिसणारं दिसतं केलं आणि मोजमापाशी बेइमानी केली नाही. मिरचीच्या पाकिटावर आम्ही करतो तेच काम, फक्त माल कोट्यवधी मैल लांबचा. हे काम शास्त्रज्ञानं एकट्यानं करू नये आणि चित्रकारानं तर एकट्यानं मुळीच करू नये. दोघांनी एका टेबलाशी बसून भांडावं.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथं नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत असा स्टुडिओ आहे. मंगळावर रोव्हर पाठवणारी ही प्रयोगशाळा. तिथल्या डिझायनरांनी २०१६मध्ये दूरच्या ग्रहांच्या सहलींची जुन्या प्रवासी जाहिरातींच्या ढंगातली भित्तिचित्रं काढली आणि सगळ्यांना फुकट छापून घ्यायला दिली. आमच्या स्टुडिओत त्यातलं एक लावलेलं आहे. दरवेळी त्याच्याकडे पाहिलं की आनंदाबरोबर जरा हळहळ वाटते, कारण शेजारी लावायला आपलं काही नाही. पण भित्तिचित्रं हा त्या कामाचा दिसणारा भाग झाला. त्या मंडळींचा पुष्कळ वेळ शास्त्रज्ञांबरोबर फळ्यासमोर जातो, नव्या मोहिमेची कल्पना दुसऱ्याला समजेल अशी कशी मांडायची याचा खल करण्यात.

ही मांडणी चुकली तर माणसं मरतात. मी अतिशयोक्ती करत नाही. जानेवारी २००३मध्ये कोलंबिया शटल उडताना टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधून वरिष्ठांपुढे स्लाइडी मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा वाचला तर काळजी मिटावी असा होता. खाली मुद्दे, मुद्द्यांखाली पोटमुद्दे, त्याखाली आणखी बारीक मुद्दे, आणि ‘लक्षणीय’ अशा अर्थाचा एकच शब्द पाच ठिकाणी वेगवेगळ्या अर्थानं. खरी बातमी सगळ्यात शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत होती. ज्या चाचण्यांच्या आधारे हा दिलासा दिला जात होता त्यांतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि इथं आदळल्याचं गृहीत धरलेला १,९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती गेले. अपघाताची कारणं अनेक होती. एका स्लाइडवर सगळा दोष टाकणं अन्यायाचं होईल. पण चौकशी मंडळानं आपल्या अहवालात माहितीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेली त्या स्लाइडची चिरफाड छापली आणि तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइडींनीच भागवण्याच्या सवयीवर ताशेरे ओढले. मी नव्या मुलांना अक्षरांचा आकार, ओळींचा क्रम शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी हीच स्लाइड दाखवते. खोली एकदम गप्प होते.

याच्या उलट उदाहरण आपलं आहे, आणि त्याचं मला फार अप्रूप आहे. २०१९च्या त्या रात्री आणि पुन्हा २०२३च्या संध्याकाळी दूरदर्शनवर एक साधा आलेख दिसत होता. यानानं कसं उतरायचं त्याची ठरलेली रेषा, आणि तिच्यावरून सरकणारा हिरवा ठिपका. बस, एवढंच. २०१९मध्ये तो ठिपका रेषेवरून जरासा ढळला आणि कुणी काही बोलायच्या आधी देशभरच्या माणसांना कळलं की काहीतरी बिनसलं. ज्यांनी दहावीनंतर आलेखाचा कागद पाहिला नव्हता त्यांनाही. चार वर्षांनी आम्ही स्टुडिओतली कामं बाजूला सारून, कटिंग मॅट आणि कागद खुर्च्यांवर ढकलून, प्रोजेक्टरसमोर दाटीवाटीनं बसलो होतो. चहा देणाऱ्या मावशी दारातच थांबल्या. ६ वाजून ४ मिनिटांनी यान टेकलं तेव्हा त्या म्हणाल्या, “या वेळी रेघ सोडली नाही हो त्यानं.” लोकांना अवघड गोष्ट कळत नाही, म्हणून सोपं करून, चकचकीत करून द्यावं लागतं, असं म्हणणाऱ्यांना मी मावशींचं हे वाक्य सांगते. तो आलेख ज्यांनी आखला त्यांच्या हातात उपजत समज आहे. तिला घर द्या, एवढंच मागणं आहे.

आणि आता तर माणूस वर जाणार आहे. गगनयानाची तयारी सुरू आहे, २०३५पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक उभारायचं सरकारनं जाहीर केलंय, त्याचा पहिला भाग २०२८मध्ये सोडायचा बेत आहे. म्हणजे भिंती, दिवे, झोपायच्या जागा, मुठी, खिडक्या या गोष्टी आज कागदावर ठरताहेत. सोव्हिएत अवकाश कार्यक्रमात गालिना बालाशोवा नावाच्या वास्तुविशारद होत्या. १९६३मध्ये त्यांनी सोयुझ यानाच्या राहण्याच्या भागाचं आतलं रूप आखलं, पुढे मीर स्थानकापर्यंत तेच काम केलं. जिथं वर-खाली उरतच नाही तिथं माणसाचा जीव घाबरतो, म्हणून त्यांनी जमिनीचा रंग गडद आणि छताचा फिकट ठेवला. डोळ्याला आधार मिळाला. आत लावायला त्या स्वतः जलरंगात गावाकडची निसर्गचित्रं काढून देत. सोयुझचा तो भाग परतताना वातावरणात जळून जातो, त्याबरोबर ती चित्रंही जळत. दर उड्डाणाला त्या नवी काढत. राखच व्हायची आहे हे माहीत असून काढलेली ती चित्रं मला कित्येक संग्रहालयांतल्या चित्रांहून मोठी वाटतात.

अमेरिकेनं स्कायलॅब या अवकाश स्थानकासाठी रेमंड लोवी या डिझायनरला बोलावलं, तेव्हा त्यानं खिडकीचा आग्रह धरला. अभियंत्यांच्या दृष्टीनं खिडकी म्हणजे भोक. हवा निसटायची जागा, वाढीव वजन. १९७३मध्ये स्कायलॅब वर गेलं, त्यातला शेवटचा चमू ८४ दिवस राहिला, आणि त्या लोकांचा सगळ्यात आवडता विरंगुळा होता त्या खिडकीतून पृथ्वी पाहत बसणं.

लहान वस्तूंचंही तेच. २००८मध्ये डॉन पेटिट या अंतराळवीरानं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर प्लास्टिकचा एक पातळ कागद दुमडून पेला केला. त्याची एक बाजू चिंचोळी, कोनासारखी. पाणी आपणहून त्या कोनातून वर चढून ओठांपर्यंत येतं. नळीनं चोखून पिण्याऐवजी माणसासारखी कॉफी पिता आली. १९५८मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्यानं भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या लोट्याचं असंच कौतुक केलं होतं, की किती पाणी मावतं, कमरेवर कसा बसतो, रिकामा आणि भरलेला कसा तोलला जातो, या सगळ्याचा विचार पिढ्यान् पिढ्या त्यात मुरलेला आहे. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला २०२५मध्ये त्याच स्थानकावर गेले तेव्हा गाजर हलव्याबरोबर आमरसही घेऊन गेले. आमरस वर पोहोचला, छान झालं. तो वाटीतून खाता येईल अशी वाटी आपण घडवायला नको का?

खर्चाचं म्हणाल तर नाकापेक्षा मोती जड होईल ही भीती निराधार आहे. अवकाश विभागाला वर्षाला सुमारे १३ हजार कोटी मिळतात. तीसेक माणसांचा स्टुडिओ त्यात कुठल्या कुठे मावेल. नासानं १९६२मध्ये चित्रकारांना प्रक्षेपणस्थळी बोलावण्याचा उपक्रम सुरू केला तेव्हा मानधन ८०० डॉलर होतं.

दुसरी हरकत मात्र मला खरोखर छळते. असा स्टुडिओ उद्या प्रचाराचं खातं झाला तर? मोठमोठे चेहरे, फुलांच्या माळा आणि कोपऱ्यात नखाएवढं यान, अशी भित्तिचित्रं आपण पाहिली आहेत. त्यावर माझ्याकडे जादू नाही. स्टुडिओ मोहिमेच्या शास्त्रज्ञांना उत्तरदायी असावा, मंत्रालयाच्या प्रसिद्धी विभागाला नसावा. त्यातून बाहेर पडणारी प्रत्येक प्रतिमा मोकळी असावी. आणि अपयशाचं चित्रही यशाच्याच हातानं, तितक्याच काळजीनं काढलं जावं. हिरवा ठिपका ढळलेला लोकांनी पाहिला म्हणून इस्रोवरचं प्रेम कमी झालं नाही, उलट वाढलं.

हे सगळं परकं कलम आहे असंही कुणी मानू नये. विक्रम साराभाईंनी अवकाश कार्यक्रमाचा पाया घातला तो १९६२मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांच्या भावा-बहिणीनं, गौतम आणि गिरा साराभाईंनी, अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी केली. अवकाश आणि डिझाइन एका घरात वाढले. इस्रोची स्थापना १९६९ची, पवईच्या आयआयटीतलं औद्योगिक डिझाइन केंद्रही १९६९चं. १९७५-७६मध्ये उपग्रहावरून २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली तेव्हा छपरांवरच्या तबकड्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीच्या होत्या, आणि इस्रोच्या पगारपत्रकावर समाजशास्त्रज्ञ होते, कार्यक्रम बनवणारे होते. त्या प्रयोगातून वाढलेला इस्रोचा विकास व शैक्षणिक संप्रेषण विभागही अहमदाबादेतलाच. पवई आणि अहमदाबादेतून दरवर्षी बाहेर पडणारी कितीतरी मुलं मोबाइलच्या ॲपची बटणं गोल की चौकोनी यात बुद्धी खर्च करतात, कारण दुसरीकडून कुणी बोलावत नाही. त्यातल्या दहांना बोलावून बघा. रात्रीचा दिवस करतील.

शाळेची भिंत आम्ही रंगवली. शटल पुसायला काकांचा हात धजेना, आणि आम्हालाही नको वाटलं. त्यावरचं ‘भारताची’ तेवढं काढून ‘माणसाची’ केलं. शेजारी इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट काढलं, प्रसिद्ध मापांवरून प्रमाणात. मूळ ४३.५ मीटर, भिंतीवर २ मीटर १८ सेंटिमीटर. मग पाचवीतल्या मुलांनी गगनयान काढायचा हट्ट धरला. काकांनी खडूनं बाह्याकृती आखली. एका मुलीनं विचारलं, “आतल्या माणसाला आपली शाळा दिसणार कुठून?” काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खडूनं एक चौकट काढली, मग ती जरा मोठी केली. बाकीचं यान रंगवून झालंय. ती चौकट अजून खडूचीच आहे.